मॉली आली नाही

सकाळी सव्वासात वाजता घाटकोपरच्या स्कॅन सेंटरमधून फोन आला. "आज येऊ नका, मॉली आली नाही." मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगखाली मी रिक्षा थांबवून उभा होतो. आई एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन जिना उतरत होती. तिला सांगितलं, तर म्हणाली, "मग दुसरी कोणी सिस्टर नाही का त्यांच्याकडे?" खरं सांगायचं तर मलाही मॉली म्हणजे वसईची किंवा केरळची कोणी टेक्निशियन असावी असंच वाटलं होतं. ताप आला असेल, लोकल चुकली असेल.

त्याआधी तीन आठवडे आईला स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं होतं. आधी ऑपरेशन की आधी केमो, हे ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना एक गोष्ट बघायची होती. "हाडांत गेलाय का ते बघून घेऊ," असं ते म्हणाले होते, ब्लड प्रेशर बघून घेऊ म्हणावं इतक्या साध्या आवाजात. हाडांत गेला असेल तर उपचारांचा हेतूच बदलतो, एवढं मी तोवर वाचून बसलो होतो. अशा वेळी एक दिवस पुढे जाणं म्हणजे काय, हे ज्यांनी रिपोर्टची वाट पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

रजा टाकलेलीच होती. आकडेवारीच्या साइट उघडायच्या नाहीत असं आदल्या रात्री स्वतःला बजावलं होतं. म्हणून मी मॉली कोण ते शोधायला बसलो.

मॉली म्हणजे मॉलिब्डेनम-९९. एक किरणोत्सारी धातू, अर्धायुष्य ६६ तास. म्हणजे आज जितका आहे त्याच्या निम्मा पावणेतीन दिवसांनी उरतो, आणि आठवड्याने जेमतेम सहावा हिस्सा. तो विघटन पावतो तेव्हा त्यातून बहुतांशी टेक्नेशियम-९९एम तयार होतं, आणि आईला टोचायचं होतं ते हे टेक्नेशियम. त्याचं अर्धायुष्य सहा तास. सहा तासांत निम्मं होणारी वस्तू गोदामात ठेवता येत नाही. म्हणून सेंटरवाले टेक्नेशियम मागवतच नाहीत, त्याची आई मागवतात. शिशाच्या जाड डब्यात एक छोटी काचेची नळी असते, तिच्यात अॅल्युमिनाची पूड आणि पुडीला चिकटलेलं मॉलिब्डेनम. वरून सलाइन सोडलं की मॉलिब्डेनम जागेवर राहतं आणि तयार झालेलं टेक्नेशियम पाण्याबरोबर खाली येतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतं, पुन्हा काढायचं. या यंत्राला जगभरातल्या लॅबमध्ये गाय म्हणतात आणि या कामाला दूध काढणं. जोगेश्वरीच्या तबेल्यापेक्षा हिशेब वेगळा नाही, फक्त ही गाय आठवड्यात आटते. आमच्या सेंटरची गाय परदेशातून विमानाने यायची आणि तिची कनेक्टिंग फ्लाइट चुकली होती.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. एखादी सिस्टीम बंद पडली की ती कुणी, कधी आणि का अशी बांधली हे खणत मागे जायची सवय असते. त्या दिवशी मी खणत मागे गेलो तो १९३५ सालापर्यंत.

*

हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेलेल्याचं हाड येतं. पांढरं, कोरडं, कायमचं. शरीरातलं सगळं बदलत असेल, पण सांगाडा म्हणजे इमारतीचे कॉलम, एकदा ओतले की झाले, असंच बहुतेकांना वाटायचं. १९३५मध्ये कोपनहेगनला जॉर्ज डी हेवेशी आणि डॅनिश सर्जन ओले शिवित्झ यांनी उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस खाऊ घातला आणि तो कुठे जातो ते मोजलं. तो हाडांत गेला. पूर्ण वाढ झालेल्या उंदरांच्याही हाडांत गेला, आणि काही काळाने तिथून बाहेरही पडला. म्हणजे हाड सतत मोडलं जातं आणि सतत बांधलं जातं. जुने अणू जातात, नवे येतात, आकार तोच राहतो.

या हेवेशीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याआधी वीसेक वर्षं, तरुणपणी तो मँचेस्टरला एका बाईंकडे पेइंग गेस्ट होता. रविवारचं उरलेलं मटण बाई आठवडाभर वेगवेगळ्या रूपांत वाढतात असा त्याला संशय होता, आणि बाई ते मान्य करत नव्हत्या. त्याने ताटात टाकलेल्या अन्नात चिमूटभर किरणोत्सारी पदार्थ मिसळला. काही दिवसांनी जेवणापाशी उपकरण धरलं आणि ते बोलू लागलं. पुढे त्याला रसायनशास्त्राचं १९४३चं नोबेल मिळालं ते याच युक्तीसाठी: एका अणूवर खूण करायची आणि तो कुठेकुठे फिरतो ते बघायचं. बोन स्कॅनचं मूळ ते आहे. त्यात हाडाचा फोटो काढत नाहीत. हाडाच्या बांधकामावर जाणाऱ्या मालावर खूण करतात आणि माल कुठल्या साइटवर जास्त उतरतोय ते बघतात.

*

दुसरा धागा टेक्नेशियमचा, आणि तो सुरू होतो एका संस्कृत शब्दापासून. मेंडेलीव्हने आवर्तसारणी मांडली तेव्हा तिच्यात काही घरं रिकामी होती. मँगनीजच्या खालचं घर त्यातलंच एक. तिथे येणाऱ्या मूलद्रव्याला त्याने तात्पुरतं नाव दिलं: एका-मँगनीज. हा 'एका' म्हणजे आपलाच 'एक', मँगनीजनंतरचा पहिला. अशी त्याने भाकीत केलेली इतर मूलद्रव्यं हळूहळू सापडत गेली, पण ४३ क्रमांकाचं हे घर कित्येक दशकं रिकामंच राहिलं. कारण हे मूलद्रव्य स्थिर राहतच नाही. पृथ्वी जन्मली तेव्हा असलेलं सगळं केव्हाच संपून गेलं.

१९३७मध्ये ते सापडलं सिसिलीतल्या पालेर्मोला, टपालाने आलेल्या भंगारात. अमेरिकेत बर्कलीला अर्नेस्ट लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉनमध्ये मॉलिब्डेनमची एक पट्टी होती. तिच्यावर कणांचा मारा होऊन ती किरणोत्सारी झाली होती. एमिलिओ सेग्रेने ती मागून घेतली, आणि त्याने व कार्लो पेरिए यांनी तिच्यातून ४३वं मूलद्रव्य वेगळं काढलं. माणसाने तयार केलेलं पहिलं मूलद्रव्य, म्हणून नाव 'कृत्रिम' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. पुढच्याच वर्षी सेग्रे आणि ग्लेन सीबोर्ग यांना बर्कलीत त्याचं सहा तासांचं रूप सापडलं.

आणि मग ते वीस वर्षं पडून राहिलं. कुणाला त्याचं काय करायचं ते कळेना. १९५०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन वेगळ्याच एका आयोडीनच्या गायीवर काम करत होते. दुधात भेसळ येत होती. भेसळ शोधली, तर ती टेक्नेशियम निघाली. म्हणजे बग सोडवताना प्रॉडक्ट सापडलं. पेटंट घ्यायचा विचार झाला, तेव्हा सरकारी पेटंट खात्याचं मत पडलं की या पदार्थाला एवढी बाजारपेठ असेल असं काही दिसत नाही. पेटंट झालं नाही. आज न्यूक्लिअर मेडिसिनमधल्या बहुसंख्य तपासण्या याच पदार्थावर चालतात. बाजाराचा अंदाज बांधणाऱ्या माणसांच्या मीटिंगमध्ये बसलो की हल्ली मला हे आठवतं.

त्याचे गुण मात्र औषधासाठी घडवल्यासारखे होते. त्याचा गॅमा किरण शरीरातून सहज बाहेर पडतो आणि बाहेरच्या कॅमेऱ्यात पकडता येतो. पेशींना जास्त इजा करणारे बीटा कण ते जवळजवळ सोडत नाही. आणि सहा तास ही मुदत अशी की तपासणी आरामात होते आणि रोगी दुसऱ्या दिवशी मोकळा. याआधी हाडांसाठी स्ट्रॉन्शियम-८५ वापरत. त्याचं अर्धायुष्य दोन महिन्यांहून जास्त. एवढा काळ शरीरात राहणारी गोष्ट कुणालाही कशी टोचणार? म्हणून ते बहुधा ज्यांचा कॅन्सर आधीच नक्की झालाय त्यांनाच देत. नुसतं 'बघून घेऊ' म्हणून देण्याची सोय नव्हती.

*

आता मुंबईकडे येऊ, कारण मला खरा धक्का इथे बसला.

घाटकोपरहून ट्रॉम्बेची टेकडी सरळ रेषेत दहा किलोमीटरच्या आत आहे. घारापुरीच्या लाँचमधून तिच्या पायथ्याचे अणुभट्ट्यांचे घुमट दिसतात, शाळेच्या सहलीत बाईंनी दाखवलेले आठवतात. तिथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' सुरू झाली आणि १० जुलै १९६० रोजी 'सायरस'. अणुभट्टी म्हटलं की आपल्याला बॉम्ब नाहीतर वीज आठवते. (सायरसच्या बाबतीत बॉम्ब आठवणं चुकीचंही नाही. १९७४च्या पोखरणच्या चाचणीचं प्लुटोनियम तिथलंच.) पण या संशोधन भट्ट्या औषधांसाठी आयसोटोपही बनवत होत्या. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या आवारात १९६३मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं ते त्याच भरवशावर.

टाटा हॉस्पिटल आणि अणुऊर्जा खातं यांचा संबंध काय, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१मध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्यानंतर वर्षभरात दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने १९४१मध्ये परळला हे हॉस्पिटल उभं केलं. मेहेरबाई माहेरच्या भाभा. होमी भाभांच्या सख्ख्या आत्या. १९६२मध्ये हॉस्पिटल आरोग्य खात्याकडून अणुऊर्जा खात्याकडे आलं तेव्हा त्या खात्याचे प्रमुख होमी भाभाच होते. निर्णयामागे आत्या होती असं मी म्हणणार नाही, त्याला व्यवहाराची कारणं भरपूर होती. पण एका बाजूला भट्टी आणि दुसऱ्या बाजूला कॅन्सरचं हॉस्पिटल, मध्ये तासाभराचा रस्ता, असं शहर तेव्हा जगात फार ठिकाणी नव्हतं.

मॉली बनवण्याच्या दोन रीती आहेत. एक श्रीमंतांची: युरेनियमचे तुकडे भट्टीत ठेवायचे, त्याच्या विखंडनातून निघालेल्या शेकडो तुकड्यांमधून मॉलिब्डेनम-९९ वेगळं करायचं. ते अगदी दाट मिळतं, चिमूटभर नळीत गाय तयार. दुसरी रीत साधी: बाजारात मिळतं तसलं मॉलिब्डेनम भट्टीत ठेवायचं आणि त्यावर न्यूट्रॉन पडू द्यायचे. ट्रॉम्बेने ही दुसरी धरली. अडचण अशी की यात किरणोत्सारी अणू अगदी थोडे, बाकी सगळं साधं मॉलिब्डेनम. एवढा माल छोट्या नळीत मावत नाही.

यावरचा तोडगा मला फार आवडला. नळीच नको. मॉलिब्डेनमचं अल्कलीयुक्त द्रावण हॉस्पिटलमध्ये पाठवायचं. तिथे सकाळी त्यात मिथाइल इथाइल कीटोन ओतायचं. हे रंगाच्या थिनरमध्ये असतं तसलं, नाकात जाणारं, पाण्यात पूर्ण न मिसळणारं द्रव. ढवळायचं आणि थांबायचं. टेक्नेशियम वरच्या कीटोनच्या थरात चढतं, मॉलिब्डेनम खाली पाण्यात राहतं. वरचा थर काढून घ्यायचा, कीटोन उडवून लावायचं, तळाशी जे राहील ते सलाइनमध्ये घ्यायचं. ताक घुसळून लोणी वर काढण्याचाच प्रकार. भारतातल्या हॉस्पिटलांनी कित्येक वर्षं हे रोज सकाळी, पेशंट यायच्या आत केलं. बटण दाबून गाय पिळणाऱ्या परदेशी लॅबच्या तुलनेत हे किचकट होतं, वासाचं होतं, माणसाच्या हाताच्या कसबावर अवलंबून होतं. पण त्याला ना समृद्ध युरेनियम लागत होतं, ना परकीय चलन. १९७३मध्ये जसलोक सुरू झालं आणि तिथे डॉ. रामचंद्र लेले यांनी न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग उभारला. हा विषय परळच्या एका सरकारी आवारातून बाहेर पडून मुंबईच्या डॉक्टरांच्या रोजच्या शब्दांत आला तो त्या पिढीमुळे. लेल्यांना १९९२मध्ये पद्मभूषण मिळालं. मी त्यांचं नाव त्या दिवसापर्यंत ऐकलंही नव्हतं.

सायरस कॅनडाच्या मदतीने बांधलेली, चॉक रिव्हरच्या एका भट्टीच्या धर्तीवर. त्याच चॉक रिव्हरची दुसरी भट्टी पुढे जगाच्या मॉलीचा मोठा हिस्सा बनवू लागली. मे २००९मध्ये तिच्यातून जड पाणी गळू लागलं, ती पंधरा महिने बंद राहिली, आणि जगभरात स्कॅनच्या तारखा पुढे गेल्या. पन्नास वर्षं जुन्या मोजक्या भट्ट्यांवर सगळं जग टेकलेलं होतं, हे तेव्हा उघड झालं. सायरसही ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली. ट्रॉम्बेत आज १९८५ची 'ध्रुव' आहे, आयसोटोप बनतात, खाडीपलीकडे वाशीला ब्रिटच्या आवारातून हॉस्पिटलांना जातात. तरीही घाटकोपरच्या एका छोट्या सेंटरला विमानाने येणारी गाय सोयीची वाटते. यात दोष कुणाचा हे ठरवण्याइतकं मला कळत नाही. पण त्या दिवशी बाल्कनीत उभा राहून दक्षिणेकडे बघताना गंमत वाटली नाही, चीड आली.

*

दुसऱ्या दिवशी मॉली आली.

टेक्नेशियम नुसतं टोचलं तर हाडांत जात नाही, थायरॉइडकडे वगैरे जातं. त्याला हाडाचा पत्ता लागतो, आणि तो पत्ता कुठून मिळाला ते सांगतो. ज्यांच्याकडे बोअरवेलचं पाणी आहे त्यांच्या गिझरमध्ये पांढरे क्षार चढतात. पाण्यात अगदी थोडं पॉलिफॉस्फेट घातलं तर ते क्षारांच्या स्फटिकांवर जाऊन बसतं आणि थर वाढत नाही, हे कारखानदारांना जुनंच माहीत होतं. स्वित्झर्लंडच्या हर्बर्ट फ्लाइशला प्रश्न पडला की आपल्या रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट एवढं असताना सगळीकडे क्षार का चढत नाहीत? शरीराकडेही असं काही असणार. होतं, पायरोफॉस्फेट. म्हणजे फॉस्फेटच्या साखळ्या नव्या स्फटिकांना चिकटतात, आणि हाड म्हणजे तरी कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिकच. १९७१मध्ये अमेरिकेत सिरॅक्यूजला गोपाल सुब्रमण्यन आणि जॉन मॅकअॅफी यांनी टेक्नेशियमला अशाच एका साखळीला बांधलं आणि ते हाडांत गेलं. पण शरीरातली एन्झाइम साखळीतला ऑक्सिजनचा दुवा तोडतात. ऑक्सिजनच्या जागी कार्बन घातला की तुटत नाही. १९७५मध्ये सुब्रमण्यन यांच्याच गटाने असा दुवा असलेलं एमडीपी आणलं. आईच्या सिरिंजमध्ये तेच होतं, पन्नास वर्षांत फारसं न बदललेलं.

या दोघांना बांधायला मध्ये लागतं कथील. भट्टीतून आलेलं टेक्नेशियम कुणाशी जोडी जमवत नाही. कथलाचा क्षार त्याला इलेक्ट्रॉन देऊन मवाळ करतो, मग ते एमडीपीला धरतं. कथील म्हणजे कल्हईचं कथील. आईला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली. डोंबिवलीला तिच्या माहेरी वाड्यात कल्हईवाला यायचा, नवसागराचा धूर आणि भात्याचा आवाज तिला अजून आठवतो.

इंजेक्शन दंडात दिलं, आणि मग तीन तास नुसतं बसायचं होतं. पाणी पीत राहायचं, लघवीला जात राहायचं. साधारण निम्मं औषध हाडांत जाऊन बसतं, उरलेलं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. रक्तातून ते निघून गेल्याशिवाय चित्र स्वच्छ येत नाही. लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून दिवसभर दूर राहा असं सांगितलं, म्हणून ताईच्या दीड वर्षाच्या मुलीला आज्जीकडे न आणता त्यांच्याच घरी ठेवलं होतं. किरणांचा डोस साधारण चार मिलिसिव्हर्ट, म्हणजे पृथ्वीवर नुसतं राहिल्याने दीड-दोन वर्षांत मिळतो तेवढा. मी हा आकडा आईला दोनदा सांगितला. ती म्हणाली, "तू काल रात्री झोपलास का?"

कॅमेरा म्हणजे मोठा चौकोनी डबा, हळूहळू डोक्यापासून पायांपर्यंत सरकतो. तो स्वतः काहीही सोडत नाही, फक्त ऐकतो. पुढे शिशाची जाड जाळी, हजारो भोकांची, म्हणजे सरळ येणारा किरणच आत जाईल. मागे सोडियम आयोडाइडचा मोठा स्फटिक. किरण आदळला की त्यात क्षणभर उजेड पडतो. त्यामागे प्रकाश मोजणाऱ्या नळ्यांची ओळ. ठिणगी नेमकी कुठे पडली, हे कसं ओळखायचं? बर्कलीच्या हॅल अँगरने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर जे केलं ते मी दोनदा वाचलं. प्रत्येक नळीला कमी-जास्त उजेड दिसतो, त्या सगळ्यांची भारित सरासरी काढायची, तीच ठिणगीची जागा. हा हिशेब त्याने कॉम्प्युटरशिवाय, नुसत्या तारा आणि रेझिस्टर जोडून केला. त्याआधीची यंत्रं शरीरावरून डॉट-मॅट्रिक्स प्रिंटरसारखी एकेक ओळ फिरत. अँगरच्या कॅमेऱ्याला समोरचं सगळं एकदम दिसू लागलं.

आईचा स्कॅन अर्ध्या तासात झाला. टेक्निशियनच्या स्क्रीनकडे माझी नजर गेली. पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांनी काढलेला, जरा धूसर सांगाडा, पुढून आणि मागून. मूत्राशय काळं. गुडघे काळे. आणि डाव्या बरगड्यांवर तीन ठळक ठिपके.

तो मुलगा काहीच बोलला नाही. त्याने बोलायचं नसतं, हे मला माहीत आहे.

*

त्या रात्री मी पुन्हा वाचत बसलो, आता मात्र ठिपक्यांबद्दल.

काळा ठिपका म्हणजे कॅन्सर, असं नसतं. काळा ठिपका म्हणजे तिथे बांधकाम जोरात आहे. कॅन्सरची पेशी एमडीपी घेतच नाही. ती हाड पोखरते, आणि भोवतालच्या पेशी ते बुजवायला धावतात. औषध त्या धावणाऱ्यांच्या हातात जातं. फ्रॅक्चर जुळताना हेच होतं, झिजलेल्या गुडघ्यात हेच होतं, वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी हेच होतं. एक्स-रेवर डाग दिसायला त्या जागचा साधारण तिसरा हिस्सा तरी खनिज जावं लागतं. स्कॅनला दुरुस्तीची सुरुवातच पुरते, म्हणून तो महिनोन्महिने आधी सांगतो. पण काय झालंय ते तो सांगत नाही. उलट मल्टिपल मायलोमासारखा आजार हाड पोखरतो आणि दुरुस्तीही होऊ देत नाही, तेव्हा स्कॅन स्वच्छ दिसू शकतो. आणि उपचार लागू पडला की सुरुवातीला ठिपके आणखी गडद होऊ शकतात, कारण हाड भरून येऊ लागतं. नुसतं चित्र बघणारा तिथे घाबरतो.

म्हणून डॉक्टर ठिपक्यापेक्षा नक्षी बघतात. विखुरलेले, मणक्यात, कमरेच्या हाडात, बरगडीच्या लांबीवर पसरलेले: काळजी. लागोपाठच्या बरगड्यांवर एकाखाली एक, शिवण घातल्यासारखे: मार. मी फोनवर काढलेला स्क्रीनचा चोरटा फोटो झूम करून बघत होतो. तीन ठिपके एका रेषेत होते. की मला तसे बघायचे होते? पहाटेपर्यंत मी ती रेष धरली आणि सोडली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन गेलो. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली आणि आईला विचारलं, "काकू, गेल्या सहा महिन्यांत कुठे पडला होतात का?"

"नाही."

"डाव्या कुशीवर? आठवा जरा."

आईने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. "गणपतीच्या आधी माळ्यावरून समई काढत होते, तेव्हा स्टूल सरकलं. ओट्याच्या कडेवर आपटले. फार नाही लागलं. आठ-दहा दिवस दुखत होतं."

"आणि सांगितलं नाहीस?" मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू मला माळ्यावर चढू दिलं असतंस का?"

डॉक्टरांनी खात्रीसाठी छातीचा सीटी करायला सांगितला. त्यात सहावी, सातवी, आठवी बरगडी, तिन्हींवर जुळत आलेल्या हाडाची गाठ दिसली. बाकी हाडांत काही नव्हतं. पहिली केमो पुढच्या गुरुवारी ठरली.

घरी येताना रिक्षात आईने विचारलं, ती मॉली आता अंगात आहे की गेली? मी हिशेब केला. टोचलं ते सगळं मिळून एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या चौपट. त्याला तीस तास होऊन गेलेले, म्हणजे पाच अर्धायुष्यं, बत्तिसावा हिस्सा. त्यातलंही बरंचसं काल संध्याकाळीच मुलुंडच्या गटारातून खाडीकडे गेलेलं, त्याच ठाण्याच्या खाडीकडे जिच्या तोंडाशी ट्रॉम्बे आहे. जे विझलं त्याचं झालं साधं टेक्नेशियम-९९. ते अजून दोन लाख वर्षं टिकेल, पण इतकं मंद की आपल्या अंगातल्या केळ्या-बटाट्यांच्या पोटॅशियमपुढे ऐकूही येणार नाही.

"म्हणजे गेली," आई म्हणाली. "मग ताईला फोन लाव. म्हणावं, पोरीला घेऊन ये."